चहा समोरच करायचा

काजळीमावशी चहाला हपापलेली बाई आहे, असं गल्लीत सगळेच म्हणत. धुराडं साफ करून झालं, ब्रश झटकून झाला, की बाई घर गरम ठेवणाऱ्या लोखंडी चुलीसमोर स्टूल ओढून बसणार आणि म्हणणार, आता चहा टाका. थर्मासमधला चालायचा नाही. शेजारून आणलेला चालायचा नाही. तिच्या डोळ्यांदेखत, त्याच स्वयंपाकघरात, घरच्याच माणसाने केलेला चहा हवा. लोक हसायचे. हसोत बापडे. लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत.

खरं सांगायचं तर बाईला चहाचं काडीचं वेड नव्हतं. दिवसाला पाच-सहा घरं म्हणजे पाच-सहा चहा, आणि मग पित्ताने जीव नकोसा. पण ही वडलांची शिकवण होती. तेही जन्मभर धुराडीच साफ करत आले. ते म्हणायचे, पाहुण्यांसमोर सगळ्याच चुली गुणी असतात. म्हणून चूल पेटवायची, दारं लावायची, घर रोज जसं चालतं तसं चालू द्यायचं, आणि चहाचा शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत नुसतं बघत बसायचं. मग बिल्ला बांधायचा. बिल्ला म्हणजे पत्र्याची एक चकती, तिच्यावर त्या वर्षाचा आकडा ठोकलेला. ती तारेने चुलीतून धुराड्यात जाणाऱ्या नळाला बांधली, की घरच्यांनी निर्धास्त व्हायचं. बिल्ला कुणाच्या हातचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं.

तीस वर्षांत बाई या नेमाला एकदाच चुकली. गेल्या वर्षी, गल्लीच्या टोकाच्या घरात.

ते घर खिडकीवाल्याचं. हा गडी खिडक्या बसवायचा आणि कामाला एक नंबर, त्यात खोट काढायला जागा नाही. स्वतःचं घर त्याने गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना करून ठेवलेलं. दुहेरी काचा, रबराच्या पट्ट्या, आणि थंडी सुरू झाली की राहिलेल्या फटीही फुगून घट्ट होणारा फेस भरून बुजवलेल्या. खिडकीच्या कडेला काडी पेटवून धरायची आणि ज्योत कशी हलत नाही ते गिऱ्हाइकाला दाखवायचं, ही त्याची हौस. माझ्या खिडकीतून मुंगीचा श्वाससुद्धा आत यायचा नाही, म्हणायचा. काचेवर वाफ धरू नये म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीत परातीएवढा पंखा बसवलेला. घरात सक्त हुकूम होता, गॅसवर भांडं चढवायच्या आधी पंख्याचं बटण दाबायचं. शिवाय तो गल्लीच्या मंडळाचा प्रमुख. चाळीस घरांची धुराडी कुणाकडे द्यायची हे त्याच्याच सहीने ठरायचं.

तर गेल्या वर्षी या घरातल्या सासूबाईंनी बाईची खोड ओळखून चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवला. कौतुकानेच. बाईची अजून दोन घरं राहिली होती, पाय दुखत होते. पंखा बंद होता, चूल धडधडत होती, चहा आयता होता. तिने तो प्यायला, बिल्ला बांधला आणि निघाली. एवढीच चूक.

यंदा थंडी लवकर पडली. गल्लीतल्या सगळ्यांनी जुन्या बिल्ल्यांवरच चुली पेटवल्या आणि बाईची पळापळ झाली. टोकाच्या घराशी ती पोचली तेव्हा चूल पेटून तीन आठवडे झाले होते. जेवणं आटोपण्याची वेळ होती. तिच्यासाठी सकाळपासून चूल विझवून ठेवलेली, पण खोली अजून उबदार होती. सासूबाई खिडकीशी आपल्या खुर्चीत, पायांवर शाल. चुलीच्या दुसऱ्या अंगाला पाळणा, आणि पाळण्यात सात महिन्यांचा नातू गाढ झोपलेला.

बाईने जुनी चादर अंथरली, काठ्या एकात एक अडकवून ब्रश नळातून वर सारला, अर्धी बादली काजळी खाली आणली. धुराडं मोकळं होतं. पण चुलीच्या दाराच्या वर, बाहेरच्या अंगाला, लोखंडावर एक काळी जीभ उमटली होती. धूर वर जातो म्हणतात, मग तो बाहेर येऊन हे चाटून कशाला गेला? बाईने ते मनात ठेवलं आणि कामाला लागली.

काम चालू असताना सासूबाईंचं तोंड चालू होतं. माणूस वाईट नव्हतं, पण जिभेला हाड नव्हतं. नातवाचं कौतुक सांगून झालं. आधी कसा रडून घर डोक्यावर घ्यायचा, आणि गेल्या तीन आठवड्यांत कसा शहाणा झालाय, ना रडणं ना कुरकुर, दिवसभर झोप. मग गाडी सुनेवर आली. गेल्या हिवाळ्यापासून हिचं डोकं दुखतं. तेव्हा पोटुशी होती, म्हटलं दुखायचंच. उन्हाळ्यात बघावं तर टुणटुणीत. आणि आता थंडी पडली, कामं वाढली, की पुन्हा सुरू. दूध उतू जातं, हातातली गोष्ट विसरते, परवा तर इथंच भिंतीला टेकून खाली बसली. पण बाजारात पिशवी घेऊन पाठवा, परत येते ती हसत. मग ढोंग नाही तर काय? येत्या रविवारी मुलगा तिला माहेरी नेऊन सोडणार होता. दोन महिने राहू दे, डोकं ताळ्यावर येऊ दे. बाळ मात्र इथंच राहील, आजीपाशी, या उबेत. दूध बाटलीचंच पितं, त्याला काय कमी?

काजळीमावशीचा हात काठीवर थांबला. तिला हे बोलणं आवडलं नाही. का आवडलं नाही ते तिला अजून नीट कळलं नव्हतं.

तिने चूल पेटवली. सुकं लाकूड, वर चार खडे कोळसा. ज्वाळा सरळ वर गेल्या, नळ घुमू लागला. सासूबाई म्हणाल्या, झालं की गं, बांध आता बिल्ला. आणि हात थर्मासकडे गेला.

बाई म्हणाली, तो नको. समोर करा.

सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सुनेला हाक मारली. सून आतल्या खोलीतून आली. डोळे जड, ओठ सुकलेले, एक हात कानशिलावर. वय असेल तिशीचं, पण जिना चढून आलेल्या म्हातारीसारखी धापत होती. तिने पातेलं घेतलं, पाणी घातलं, आणि हुकमाप्रमाणे आधी पंख्याचं बटण दाबलं.

आणि चुलीतली ज्वाळा आडवी झाली.

इतका वेळ सरळ उभी होती ती वाकली, चुलीच्या दाराकडे तोंड करून चाचपडू लागली. दाराच्या फटीतून धुराचा निळसर दोरा निघाला. तो वर गेला नाही. पाळण्यावरून सरकत थेट पंख्याकडे गेला. बाई उठली आणि तिने बटण बंद केलं. ज्वाळा उभी राहिली. चालू केलं, ज्वाळा पुन्हा झोपली. तिने हे तीनदा केलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

खोली चारी बाजूंनी बंद. पंखा आतली हवा बाहेर ओढणार. मग बाहेरची हवा आत यायला वाट कुठली? खिडकीतून तर मुंगीचा श्वास येत नाही. एकच भोक उरलं, धुराडं. ज्या वाटेने विष वर जायचं, त्याच वाटेने ते खाली येत होतं. धूर थोडा तरी दिसतो. पण जळत्या कोळशाचा तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, तो खोकवत नाही. डोकं दुखवतो, झोप आणतो, आणि माणसाला शहाणं करून ठेवतो. सात महिन्यांच्या बाळालासुद्धा.

"भोंगा कुठं आहे?" बाईने विचारलं. त्या वायूचा सुगावा लागला की ओरडणारं छोटं यंत्र असतं, ते या घरातही होतं, गेल्या वर्षी तिने स्वतः बघितलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, ते कपाटाच्या खणात. रोज दिवेलागणीला बोंबलायचं, स्वयंपाक करू देईना. मुलाने सेल काढून ठेवले. वेडं झालं होतं ते.

मग मात्र काजळीमावशीने कुणाला काही समजावलं नाही. समजावणं नंतर. तिने पंखा बंद केला आणि सुनेला म्हणाली, बाळाला शालीत गुंडाळ आणि अंगणात जा, आत्ता. सासूबाईंना दंडाला धरून उठवलं. त्या कुरकुरत गेल्या, अगं थंडी, अगं माझे गुडघे. बाई खिडकी उघडायला गेली तर मूठ नुसती शोभेची, फेसाने कडा चिकटून बसलेल्या. तिने मागचं दार सताड उघडलं आणि कोळशाची बादली आडवी लावली. चुलीतले निखारे फावड्याने लोखंडी डब्यात भरले, झाकण घातलं, डबा अंगणाच्या मध्ये दगडावर नेऊन ठेवला, भिंतीपासून लांब. मग आत येऊन नळाशी उभी राहिली.

नळाला तिचाच बिल्ला होता. गेल्या वर्षीचा. तारेला पिळा तिनेच घातलेला, डावीकडून दोन आणि उजवीकडून एक. बाईला स्वतःची भयंकर लाज वाटली. चहा आयता मिळाला म्हणून तिने या पत्र्यावर तीन जीव टांगले होते. वडील असते तर त्यांनी थोबाडीत दिली असती, आणि तिने खाल्ली असती. तिने पक्कड घेऊन तार तोडली आणि बिल्ला खिशात टाकला.

अंगणात बाळ अजून झोपलेलंच होतं. सून त्याच्या गालावर बोटं टेकवत होती, नाव घेऊन हाका मारत होती. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग त्याने नाक आवळलं, तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. असा फोडला की शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. सून हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नसेल.

बाई म्हणाली, "पोरी, थांबू नकोस. सरळ दवाखान्यात जा. तुमचं तिघांचं रक्त तपासायला सांग. चुलीचा वायू, असंच म्हण, डोकेदुखी म्हणू नकोस."

निघायची तयारी चालली होती तेवढ्यात खिडकीवाला आला. चारला त्याच्याकडे एक ठेकेदार यायचा होता. नवी इमारत, साठ घरं, सगळ्या खिडक्या एकाच माणसाकडून. म्हणून हा नवा शर्ट घालून तासभर आधी घरी आलेला. बघतो तर मागचं दार सताड, चूल गार, आई अंगणात कुडकुडतेय आणि बाळ गावभर ऐकू जाईल असं रडतंय. त्याला वाटलं घरात चोर शिरले.

बाईने सांगितलं. मोजक्या शब्दांत, पंखा, खिडक्या, ज्वाळा, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, धुराडं नीट साफ झालेलं नसणार. नाचता येईना अंगण वाकडं, असंही वर सुनावलं. बाई चिडली नाही. तिने पिशवीतून सुंभाचा तुकडा काढला, एक टोक पेटवून फुंकलं. मागचं दार लावलं. सुंभ चुलीच्या उघड्या दाराशी धरला, धूर झर्रकन आत ओढला गेला. मग पंखा लावला. धूर क्षणभर घुटमळला आणि वळून तिच्या तोंडावर आला. हे तिने त्याच्या नाकासमोर केलं.

तो म्हणाला, सुंभ ओला आहे.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण म्हणतो. इथं सुंभ बिचारा सरळ जळत होता, पीळ होता तो नव्या शर्टातल्या माणसाचा. त्यालाही समजत होतं. इतका कसबी माणूस, त्याला हवा कुठून येते आणि कुठं जाते हे समजत नसेल? पण मान्य करायचं म्हणजे ही खिडकी एकटी पुरी नाही, भिंतीला भोकही हवं, हे साठ घरांच्या ठेकेदारासमोर म्हणायचं. ते त्याच्या जिवावर आलं होतं. मग त्याने सगळा राग बायकोवर काढला. हिचीच नाटकं ही. हिलाच कुणीतरी फूस लावतं. हिचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून सगळ्या घराने अंगणात उभं राहायचं का?

बाईकडे वळून तो म्हणाला, "मावशी, चाळीस घरांचं तुमचं काम आजपासून बंद. संध्याकाळच्या आत दुसरा माणूस आणून बिल्ला लावून घेतो. आणि चारला ही चूल पेटलेली असेल."

"बंद करा काम," काजळीमावशी म्हणाली. "पण या नळाला माझा बिल्ला नाही, हे मी चाळीस दारं वाजवून सांगणार. गेल्या वर्षी बांधला ती माझी चूक, तेही सांगणार. आणि एक मला सांगा. भोंगा वेडा, सून ढोंगी, आणि तुमची खिडकी तेवढी शहाणी?"

त्याने हात झटकला आणि बायकोला म्हणाला, जा कुठं जायचं ते, दवाखान्यात जा नाहीतर माहेरी जा, चार वाजता मला इथं रडारड नको.

सून फाटकापर्यंत गेली होती. बाळ खांद्यावर, पायात चपला. ती थांबली. नऊ वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला उलट विचारलं असेल-नसेल, पण तिने विचारलं.

"चूल पेटवल्यावर आई कुठं बसतील?"

"कुठं म्हणजे? नेहमीच्या जागी."

ती वळली. परत आली, आणि बाळ काजळीमावशीच्या हातात दिलं. बाईचे हात कोपरापर्यंत काळे, बाळाची शाल पांढरी. बाईने ते कडेवर घेतलं. सून व्हरांड्यात गेली, तिथं नवऱ्याची हत्यारांची पेटी होती. नऊ वर्षं याच पेटीतून तिने त्याच्या हातात एकेक वस्तू दिली होती, टेपचं दुसरं टोक धरलं होतं, भुसा झाडला होता. कोणतं हत्यार कशाचं हे तिला विचारावं लागलं नाही. तिने ड्रिल काढलं, दाराची कुलपं बसवताना लागते ती मोठी गोल करवत त्याच्या तोंडाला आवळली, वायर लावली, आणि स्वयंपाकघरात जाऊन खिडकीच्या चौकटीतच काचेखाली बसवलेल्या लाकडी फळीवर, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी, टेकवली.

नमुन्याची फळी होती ती. घासून, पॉलिश करून काचेसारखी केलेली. पहिला भुसा उडाला तेव्हा खिडकीवाला ओरडला, काय करतेस, अगं काय करतेस, आणि धावला. पण दारात काजळीमावशी उभी होती, पाय फाकवून, कडेवर त्याचंच रडतं पोर घेऊन. माणूस कितीही तापलेला असला तरी स्वतःच्या लेकराला ढकलून आत जात नाही. तो उंबऱ्यावर घुटमळला. आत ड्रिल किंचाळत होतं, बाळ त्याच्या वर सूर लावत होतं, आणि करवत सरळ चालली होती. लाकडाची बशीएवढी चकती सुटून अंगणात, सासूबाईंच्या पायापाशी पडली. भोकातून थंडगार वारा आत आला आणि भुसा लादीवर पसरला.

सून बाहेर आली. केसांत भुसा, डोळ्यांत पाणी, पण आवाज बिलकुल कापला नाही.

"आता पेटवा चूल," ती म्हणाली. "मी नसले तरी आई इथं बसतात."

सासूबाई अंगणात तशाच उभ्या होत्या. त्यांनी पायाशी पडलेल्या चकतीकडे बघितलं, मग सुनेकडे. वर्षभर जिला ढोंगी म्हटलं, जिचं गाऱ्हाणं साऱ्या गल्लीला ऐकवलं, तिने स्वतःच्या संसाराला भोक पाडून घेतलं होतं, ते त्यांना श्वास घेता यावा म्हणून. म्हातारीचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी कपाळावर हात ठेवला आणि हळूच, कुणाला उद्देशून ते न कळता, म्हणाल्या, माझंही दुखत होतं. म्हटलं वय झालं.

नेमका तेव्हाच ठेकेदार आला. सांगितल्या वेळेच्या बराच आधी. हे लोक एरवी वेळ पाळत नाहीत आणि नको असतात तेव्हा आधी येतात. त्याने अंगणातली माणसं बघितली, सवयीने खिडकीपाशी गेला, काचेवर टिचकी मारली, फळीवर हात फिरवला, आणि बोटं त्या भोकात गेली. हे कशासाठी, त्याने खिडकीवाल्याला विचारलं.

"माणसं राहतात म्हणून," सासूबाई म्हणाल्या. आणि सुनेला म्हणाल्या, चल, मला चपला दे, मीही येते.

ठेकेदार पुन्हा येतो म्हणून गेला तो काही आला नाही.

दवाखान्यात तिघांनाही नळीवाटे शुद्ध हवा लावून ठेवलं. बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून आठ दिवस तशा खोलीत काढले असते तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते. रविवारी सून माहेरी गेली नाही. कुणी नेलंच नाही, आणि कुणी विषयही काढला नाही.

खिडकीवाल्याने आपला शब्द मात्र पाळला. मंडळाचं पत्र काजळीमावशीच्या घरी आलं, आपल्या सेवेची गरज नाही, वगैरे. ठरल्याप्रमाणे तिने चाळीस दारं वाजवली होतीच, आपली चूक तिने आधी सांगितली, बाकीचं नंतर. नवा माणूस ब्रश-काठ्या घेऊन गल्लीत आला. पहिल्या घरातल्या बाईने त्याचं काम होऊ दिलं आणि मग विचारलं, चहाला बसणार ना, समोर करते. तो म्हणाला, वेळ नाही हो, बिल्ला बांधून निघतो. तिने त्याला बिल्ल्यासकट बाहेर काढलं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. हपापलेली म्हणून जिला हसत होते, तिच्या चहावाचून आता गल्लीचं पान हलेना. मंडळाने बाईला परत बोलावणारं दुसरं पत्र लिहिलं. त्यावर सही कुणाची होती ते बाईने बघितलंही नाही.

पंधरा दिवसांनी टोकाच्या घरून निरोप आला. सासूबाईंचा. बाई गेली. अंगणातून तिने फळीकडे बघितलं आणि थांबली. भोक तसंच होतं, पण त्याच्या कडा घासून गोल केलेल्या होत्या, आणि आतून-बाहेरून पितळी जाळी बसवलेली, उंदीर येऊ नये म्हणून. चार स्क्रू, चारींच्या खाचा एका रेषेत. असं काम गावात एकच माणूस करतो. तो माणूस घरी नव्हता, किंवा होता आणि बाहेर आला नाही. बाईनेही विचारलं नाही. काहींना माफी तोंडाने मागता येत नाही, हाताने मागतात.

चूल पेटली. दारं लागली. नवे सेल घातलेला भोंगा भिंतीवर, डोक्याएवढ्या उंचीवर, गप्प बसलेला. सुनेने पंख्याचं बटण दाबलं, पण पहिल्याच आकड्यावर. चूल पेटलेली असताना त्याच्या पुढे जायचं नाही असं ठरलं होतं. ज्वाळा हलली आणि सरळ उभी राहिली. बाईने सुंभ धरला, धूर आत गेला. पंखा चालू, बंद, चालू. धूर आतच गेला. मग ती स्टुलावर बसली. चहा समोर झाला. सुनेच्या गालांवर रंग होता, आणि तिने साखर दोनदा घातली नाही.

शेजारची बाई तेवढ्यात डोकावली. तिच्या पायाला वारा लागला तशी ती म्हणाली, बाई गं, केवढी थंडी येतेय त्या भोकातून, एखादं फडकं तरी कोंबा त्यात.

सासूबाईंनी पायांवरची शाल छातीपर्यंत ओढली.

"थंडी वाजली तर मी दुसरी शाल घेईन," त्या म्हणाल्या. "त्या भोकाला माझ्या सुनेशिवाय कुणी हात लावायचा नाही."

पाळण्यातलं पोर मगापासून रडत होतं. लाल होऊन, मुठी वळून, छप्पर उडेल असं रडत होतं. शेजारीण म्हणाली, आधी किती शहाणं होतं हो. तिघींपैकी कुणीही त्याला गप्प केलं नाही. काजळीमावशीने शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि खिशातून तार काढली.